औषधाच्या बाटलीवरचे लांबलचक इंग्रजी शब्द : शेवटची अक्षरं बघा, औषधाचं घराणं ओळखा

कापूस, सोयाबीन, तूर, भाजीपाला, पीक कुठलंही असो, फवारणीचा हंगाम आला की घरात चार-पाच बाटल्या आणि दोन-तीन पुड्या येतात. बाटलीवर कंपनीनं ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं, तेच आपल्या तोंडात बसतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक लांबलचक इंग्रजी शब्द असतो. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, इमिडाक्लोप्रिड. वाचताना जीभ अडखळते, म्हणून आपण तो सोडून देतो. पण खरं औषध म्हणजे तो बारीक अक्षरातला शब्द. मोठं नाव फक्त कंपनीचं.

हे शब्द पाठ करायची गरज नाही. त्यांची एक खूण आहे. गावात आडनावावरून भावकी कळते, तसं या शब्दांच्या शेवटच्या चार-पाच अक्षरांवरून औषधाचं घराणं कळतं. ही नावं कंपनीनं मनानं ठेवलेली नसतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत औषधाच्या मूळ घटकाचं नाव ठरतं आणि जगभर तेच चालतं. एका घराण्याच्या औषधांना बहुतेक वेळा एकच शेपूट लावलेली असते. ती शेपूट ओळखता आली की तीन फायदे होतात. एकच औषध दोन नावांनी विकत घ्यायची वेळ येत नाही. किडीला एकाच औषधाची सवय लागत नाही. आणि फवारताना कुणाला विषबाधा झाली तर डॉक्टरला नेमकं काय सांगायचं ते कळतं.

आधी शब्द कुठं शोधायचा ते बघू

बाटली हातात घ्या. कंपनीच्या नावाखाली किंवा बाजूला मूळ घटकाचं नाव असतं. त्यापुढं टक्के आणि दोन-तीन इंग्रजी अक्षरं असतात. उदाहरणार्थ, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल. इमिडाक्लोप्रिड हे औषध. १७.८ टक्के म्हणजे बाटलीत खरं औषध किती, ते. एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रावण. ईसी म्हणजे पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं, एससी म्हणजे दाट, हलवून घ्यायचं पातळ औषध, डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळायची भुकटी, एसजी म्हणजे विरघळणारे दाणे.

टक्के बघणं महत्त्वाचं आहे. हेच इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी आणि ७० टक्के दाणेदार अशा रूपातही मिळतं. नाव एक असलं तरी प्रमाण वेगळं. शेजाऱ्यानं पंपाला अमुक मिली टाकलं म्हणून आपणही तेवढंच टाकलं आणि आपली बाटली जास्त टक्क्यांची निघाली, तर मात्रा चुकणारच. मात्रा नेहमी आपल्या बाटलीच्या लेबलवरचीच धरावी.

काही नावांच्या मागं आणखी एखादा शब्द जोडलेला असतो. इमामेक्टिन बेंझोएट, मेट्सल्फ्युरॉन-मिथाइल, क्विझॅलोफॉप-इथाइल. शेपूट शोधताना हे बेंझोएट, मिथाइल, इथाइल बाजूला ठेवायचं आणि त्याच्या आधीच्या शब्दाचा शेवट बघायचा.

सगळ्यात पहिली शेपूट : 'साइड'

इंग्रजीत सी, आय, डी, ई या चार अक्षरांनी संपणारे बरेच शब्द बाटलीवर असतात. मूळ लॅटिन भाषेतला अर्थ मारणं, ठार करणं. पुढचा भाग सांगतो कुणाला मारणार ते.

इन्सेक्टिसाइड म्हणजे कीटकनाशक. मावा, तुडतुडे, अळी यांच्यासाठी.
फंगिसाइड म्हणजे बुरशीनाशक. करपा, भुरी, तांबेऱ्यासाठी.
हर्बिसाइड किंवा वीडिसाइड म्हणजे तणनाशक.
मिटिसाइड किंवा अकॅरिसाइड म्हणजे कोळीनाशक. लाल कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, म्हणून त्याचं औषध बऱ्याचदा वेगळं.
नेमॅटिसाइड म्हणजे सूत्रकृमीनाशक. मुळांवर गाठी येतात त्यासाठी.
रोडेंटिसाइड म्हणजे उंदीर-घुशीचं औषध.
मोलुस्किसाइड म्हणजे गोगलगायीचं औषध.
पेस्टिसाइड हा या सगळ्यांचा मिळून एक शब्द.

दुकानातून बाटली घेताना बाकी काही वाचता आलं नाही तरी हा शब्द बघाच. घरात एका फळीवर ठेवलेल्या बाटल्यांमधून कीटकनाशक म्हणून तणनाशक उचललं गेलं की उभं पीक जातं. अशा घटना गावोगाव ऐकायला मिळतात. तणनाशकाचा पंपसुद्धा शक्यतो वेगळाच ठेवावा. पंप वेगळा नसेल तर धुण्याच्या पावडरीनं दोन-तीन वेळा धुऊनच दुसरं औषध भरावं.

शेपूट 'फॉस' : सगळ्यात सांभाळून राहायचं घराणं

क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, मोनोक्रोटोफॉस, ट्रायझोफॉस. यातल्या काहींचं स्पेलिंग एफ-ओ-एस असं संपतं, काहींचं पी-एच-ओ-एस. उच्चार तोच. फॉस म्हणजे फॉस्फरस. या घराण्याला ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात. डायमेथोएट, ॲसिफेट, मॅलॅथिऑन, फोरेट हे याच घराण्यातले, पण त्यांना ही शेपूट नाही. एवढी चार नावं लक्षात ठेवली की काम भागतं.

ही औषधं किडीच्या नसांवर काम करतात. माणसाच्या नसाही त्याच पद्धतीनं चालतात, म्हणून ती माणसालाही तितकीच बाधतात. नसेतला निरोप पोचल्यावर तो थांबवणारं एक द्रव्य शरीरात असतं, ते ही औषधं बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही. लक्षणं अशी : दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, अंधूक दिसणं, बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं बारीक होणं, उलटी, पोटात मुरडा, हातापायांचे स्नायू फडफडणं, श्वास लागणं. यावर ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन दिलं जातं. ते किती द्यायचं आणि त्यासोबत दुसरं काय द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात. पण औषध कुठल्या घराण्याचं, हे त्यांना लवकर कळलं तर उपचार लवकर सुरू होतो.

यातली काही औषधं आता बंद झाली आहेत. फोरेट आणि ट्रायझोफॉस या दोन्हींवर केंद्र सरकारच्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला तर कितीतरी आधीपासून मनाई आहे. जुनी बाटली, जुनं पुडकं गोठ्यात पडलेलं असेल तर ते वापरू नका, कुणाला देऊही नका.

एक सावधगिरी. ग्लायफोसेट आणि ग्लुफोसिनेट या नावांतही फॉस ऐकू येतं. पण ते शब्दाच्या मध्ये आहे, शेवटी नाही. ही दोन्ही तणनाशकं आहेत. म्हणून शेपूट शेवटीच बघायची.

शेपूट 'थ्रिन' : शेवंतीच्या कुळातून आलेलं

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, बायफेन्थ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन. अक्षरं टी-एच-आर-आय-एन. शेवंतीच्या कुळात पायरेथ्रम नावाचं एक फूल आहे. त्याच्या वाळलेल्या फुलात कीड मारणारं द्रव्य असतं, त्याला पायरेथ्रिन म्हणतात. त्याच धर्तीवर कारखान्यात बनवलेली ही औषधं, म्हणून घराण्याचं नाव पायरेथ्रॉइड. फेनव्हॅलरेट याच घराण्यातलं, पण त्याला शेपूट नाही.

घरातली डास पळवायची कॉइल किंवा लिक्विडची बाटली उलटी करून बघा. त्यावर ॲलेथ्रिन, प्रॅलेथ्रिन किंवा ट्रान्सफ्लुथ्रिन असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. तेच घराणं, फक्त प्रमाण अगदी थोडं.

थ्रिन घराण्याची औषधं स्वस्त असतात आणि कीड लगेच पडलेली दिसते, म्हणून आपण ती पुन्हा पुन्हा मारतो. पण त्यात ढालकिडा, क्रायसोपा यांसारखे आपले मित्रकीटकही मरतात. कापसात ही औषधं वारंवार मारल्यावर पांढरी माशी उलट वाढते, हा अनुभव आहे. सुरुवातीच्या रसशोषक किडींवर थ्रिन मारण्याची घाई करू नये असं कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ सांगतात, ते याच कारणानं.

शेपूट 'प्रिड' : तंबाखूच्या निकोटिनसारखं

इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, थायाक्लोप्रिड. अक्षरं पी-आर-आय-डी. थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन, डायनोटेफ्युरान हीसुद्धा याच घराण्याची. घराण्याचं नाव निओनिकोटिनॉइड, म्हणजे निकोटिनच्या धर्तीवरचं नवं औषध. जुने शेतकरी तंबाखूचा काढा फवारायचे, त्यामागचं तत्त्व हेच.

ही औषधं आंतरप्रवाही आहेत. झाडाच्या रसात भिनतात आणि रस शोषणाऱ्या मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना लागू पडतात. बियाण्याला चोळायलाही ही वापरतात. कापसाच्या बियाण्याला आधीच इमिडाक्लोप्रिड लावलेलं असेल आणि महिनाभरानं पहिली फवारणी आपण परत त्याचीच केली, तर किडीला एकच औषध दोनदा मिळालं.

मधमाश्यांना हे घराणं फार घातक आहे. पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो टाळावं. सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, डाळिंब यांत फळधारणा मधमाश्यांवर असते, हे विसरून चालणार नाही.

शेपूट 'मेक्टिन' : मातीतल्या जिवाणूपासून

ॲबामेक्टिन, इमामेक्टिन बेंझोएट, मिलबेमेक्टिन. अक्षरं एम-ई-सी-टी-आय-एन. इमामेक्टिन ५ टक्के एसजी आपल्याकडं अळीसाठी घरोघरी वापरलं जातं. ॲबामेक्टिन कोळीवर चालतं. जनावरांच्या गोचीड-जंतासाठी जे आयव्हरमेक्टिन देतात, तेही याच घराण्यातलं. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून हे घराणं निघालं. त्या शोधासाठी जपानचे सातोशी ओमुरा आणि मूळचे आयर्लंडचे विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, कारण याच औषधानं माणसांचेही परजीवी रोग आटोक्यात आले.

पण घराणं एक म्हणून शेतातलं औषध जनावराला द्यायचं नाही. शेताच्या बाटलीत औषधासोबत दुसरे पदार्थही असतात. गोठ्याचं औषध पशुवैद्यकालाच विचारून.

शेपूट 'निलिप्रोल' : महागडं अळीनाशक

क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल, सायॲन्ट्रानिलिप्रोल, टेट्रानिलिप्रोल. सगळ्यात लांब शब्द याच घराण्यात. घराण्याचं नाव डायअमाइड. फ्लुबेन्डिअमाइड याच घराण्यातलं. अळीच्या स्नायूतलं कॅल्शियम बाहेर काढून टाकतं, अळी आखडते, खाणं बंद करते. म्हणून फवारल्यावर अळी लगेच मेलेली दिसली नाही तरी पान खाणं थांबलेलं असतं. दोन दिवस थांबून बघावं. लगेच दुसरं औषध मारायची घाई करू नये.

इथं पूर्ण शेपूट वाचावी लागते. इथिप्रोल हे औषध नुसतं प्रोलवर संपतं. त्यात 'निलि' नाही, म्हणून ते वेगळ्या घराण्यातलं, फिप्रोनिलचं भावंड.

शेपूट 'युरॉन' : इथं पाय घसरतो

नोव्हॅल्युरॉन आणि लुफेन्युरॉन ही अळीची औषधं. अळी कात टाकून वाढते. ही औषधं नवी कात तयार होऊ देत नाहीत. म्हणून लहान अळीवर चालतात, मोठ्या अळीवर उपयोग कमी.

पण यू-आर-ओ-एन या अक्षरांवर नुसतं भरवसून राहायचं नाही. डाययुरॉन हे तणनाशक आहे. मेट्सल्फ्युरॉन आणि पायराझोसल्फ्युरॉन हीसुद्धा तणनाशकं आहेत. त्यांची शेपूट सल्फ्युरॉन अशी मोठी असते. सोयाबीनमध्ये वापरतात ते क्लोरिम्युरॉन हेही तणनाशकच. आणि डायफेन्थियुरॉन हे कीटकनाशक असलं तरी वेगळ्या घराण्याचं, पांढरी माशी आणि कोळीसाठी.

म्हणजे एकाच शेपटीत अळीचं औषध, तणाचं औषध आणि पांढऱ्या माशीचं औषध अशी तीन कामं. शेवट युरॉन दिसला की बाटलीवर इन्सेक्टिसाइड आहे की हर्बिसाइड, हे बघितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

तणनाशकातल्या आणखी दोन शेपट्या

फॉप, म्हणजे एफ-ओ-पी. क्विझॅलोफॉप, प्रोपॅक्विझाफॉप. ही औषधं गवतवर्गीय, अरुंद पानांचं तण मारतात. सोयाबीन रुंद पानांचं, म्हणून ते वाचतं. पण शेजारी ज्वारी किंवा मका असेल तर तीसुद्धा गवतवर्गातलीच. वारं असताना फॉप मारलं आणि तुषार तिकडं गेले तर ते पीक जळतं.

क्वॅट, म्हणजे क्यू-यू-ए-टी. पॅराक्वॅट, डायक्वॅट. जिथं लागेल तिथला हिरवा भाग जाळतात. पॅराक्वॅट पोटात गेलं तर त्यावर खात्रीचं असं कुठलंही प्रतिविष नाही. फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. हे औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवणं म्हणजे घरात मरण ठेवण्यासारखं आहे. मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा.

बुरशीनाशकातल्या दोन शेपट्या

कोनाझोल. हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, डायफेनोकोनाझोल. बुरशीच्या पेशीचं आवरण तयार होऊ देत नाहीत. गजकर्ण झाल्यावर डॉक्टर जे फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल किंवा केटोकोनाझोल लिहून देतात, त्यांची शेपूट तीच आणि काम करायची रीतही तीच. नाव जुळलं म्हणून शेतातलं औषध अंगाला लावायचा विचारही करू नये. आणि ॲसिडिटीच्या गोळीवर ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल असतं, तिथं शेवट प्राझोल आहे. त्याचा बुरशीशी काही संबंध नाही.

स्ट्रोबिन. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, पायरॅक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन. पाइन झाडाच्या पडलेल्या फळांवर उगवणारी एक अळंबी आहे, तिचं शास्त्रीय नाव स्ट्रोबिल्युरस. तिच्यातल्या द्रव्यावरून हे घराणं आलं. क्रेसॉक्सिम-मिथाइल हे याच घराण्यातलं. बुरशीला या घराण्याची सवय फार लवकर लागते, म्हणून पाठोपाठ दोनदा स्ट्रोबिन मारू नये.

मॅन्कोझेब या नावात मँगनीज आणि झिंक दोन्ही धातू आहेत. हे पानावर राहून काम करतं आणि बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करतं. त्यामुळं त्याची सवय सहसा लागत नाही. म्हणूनच बऱ्याच जोड औषधांत ते दिसतं.

आता हिशोब करून बघा

ही सगळी माहिती कामाला कुठं येते ते एका उदाहरणावरून बघू. दुकानात दोन डबे आहेत. एकावर लिहिलंय प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के ईसी. दुसऱ्यावर क्लोरपायरिफॉस ५० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ५ टक्के ईसी. कंपन्या वेगळ्या, डब्याचे रंग वेगळे, भाव वेगळा. पहिल्या फवारणीला अळी आटोक्यात आली नाही म्हणून दुसऱ्यांदा 'बदलून' दुसरा डबा आणला.

शेपट्या बघा. पहिल्यात फॉस आणि थ्रिन. दुसऱ्यातही फॉस आणि थ्रिन. बदललं काय? फक्त डबा. पहिल्या फवारणीतून ज्या अळ्या वाचल्या, त्या या दोन घराण्यांना पुरून उरणाऱ्या होत्या. त्यांच्यावर परत तेच मारलं. त्या पुन्हा वाचणार, त्यांचीच पिल्लं होणार, आणि दोन पिढ्यांनी शेतात फक्त दाद न देणारी कीड उरणार. औषध नकली निघालं असं आपण म्हणतो. नकली औषधं बाजारात असतात हे खरं, पण दर वेळी दोष औषधाचाच असतो असं नाही.

दुसरं उदाहरण. थायामेथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ९.५ टक्के झेडसी असा एक डबा येतो. तो घेतला आणि सोबत दुकानदारानं पंपात टाकायला इमिडाक्लोप्रिडही दिलं, तर थायामेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिड दोन्ही एकाच घराण्याचे. पैसे दोन औषधांचे गेले, किडीला मार एकाच जागी बसला.

सोपा नियम असा. दुसऱ्या फवारणीच्या बाटलीवरची शेपूट पहिल्यापेक्षा वेगळी पाहिजे. एका हंगामात एकच शेपूट दोनदाच्या वर येऊ नये, आणि पाठोपाठ तर नाहीच. त्यासाठी मोबाइलवर एक काम करा. प्रत्येक फवारणीच्या दिवशी लेबलचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात तो फोटो दाखवा आणि म्हणा, 'या घराण्याचं नको, दुसऱ्या घराण्याचं द्या.' दुकानदारालाही कळेल की गिऱ्हाईक वाचून आलंय. बिल घ्यायला विसरू नका. बिलावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर असेल तरच पुढं तक्रार करता येते.

लेबलवरचा रंगीत त्रिकोण

शब्द वाचता आला नाही तरी रंग वाचता येतो. कीटकनाशकांबाबतचा कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे. त्यानुसार लेबलवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो.

लाल : अति तीव्र विषारी. वरच्या भागात कवटी आणि हाडांचं चित्र असतं.
पिवळा : तीव्र विषारी.
निळा : मध्यम विषारी.
हिरवा : कमी विषारी.

हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. हिरव्या त्रिकोणाचं औषधही तोंडावाटे, कातडीवाटे, श्वासावाटे अंगात जातंच.

आणि वेळ आलीच तर

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. दाट, उंच वाढलेला कापूस, उकाडा, तोंडाला साधा रुमाल आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र. आपल्याकडंही फवारणी अशीच होते, हे मान्य करावं लागेल. फवारणारा माणूस बऱ्याचदा रोजंदारीवरचा असतो. पंपात काय भरलंय हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

कुणाला भोवळ आली, घाम सुटला, उलटी झाली, दिसायला अंधूक झालं तर फवारणी तिथंच थांबवा. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, सावलीत मोकळ्या हवेत कुशीवर झोपवा. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. दूध, ताक, तूप पाजू नका. १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्या. बाटली न्यायला जमत नसेल तर लेबलचा फोटो न्या. पंपात दोन औषधं मिसळली असतील तर दोन्हींचा.

'कपाशीवरचं औषध मारत होता' एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. 'प्रोफेनोफॉस होतं' म्हटलं की उपचाराची दिशा ठरते. पॅराक्वॅट असेल तर दिशा वेगळी, थ्रिन असेल तर आणखी वेगळी. अडीच इंचाच्या लेबलवरचा तो बारीक शब्द त्या वेळी कामाला येतो. म्हणून मजुराला पंप भरून देतानाच औषधाचं नाव सांगा, आणि फोटो त्याच्याही मोबाइलवर टाका.

थोडक्यात, जपून ठेवायची यादी

फॉस : नसांवर काम करणारं जुनं कीटकनाशक, माणसालाही घातक.
थ्रिन : पायरेथ्रॉइड कीटकनाशक, वारंवार नको.
प्रिड : रसशोषक किडींसाठी, फुलोऱ्यात टाळा.
मेक्टिन : अळी आणि कोळीसाठी.
निलिप्रोल : अळीसाठी, परिणाम दिसायला दोन दिवस द्या.
युरॉन : अळीचं की तणाचं, आधी खात्री करा.
सल्फ्युरॉन : तणनाशक.
फॉप : गवतवर्गीय तणासाठी, ज्वारी-मक्यापासून लांब.
क्वॅट : सरसकट जाळणारं तणनाशक, कुलपात ठेवा.
कोनाझोल आणि स्ट्रोबिन : बुरशीनाशकं, आलटून पालटून वापरा.

ज्या औषधाला यातली कुठलीच शेपूट नाही, उदाहरणार्थ स्पिनोसॅड, इंडोक्झाकार्ब, फ्लोनिकामिड किंवा कार्बेन्डाझिम, त्यांची घराणी वेगळी आहेत. शंका असेल तर गावच्या कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरात दहावी-बारावीला पोरगं-पोरगी असेल तर बाटलीवरचा शब्द आधी त्यांच्याकडून वाचून घ्या, मगच झाकण उघडा. आणि यादीचा स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाका.